जाळी काढली, बैल बुजला

‘काका, रामराम. मी दिग्रस तालुक्यातला, वय २४. दोन वर्षांआधी कापसाच्या पैशातून सेकंडहँड क्लासिक ३५० घेतली, २०१८ चं मॉडेल. मागच्या महिन्यात अमरावतीहून पंजाब सायलेन्सर आणला. आमच्या इकडच्या गॅरेजवाल्यानं बेंडासकट खोलून अर्ध्या तासात बसवून दिला. म्हणे आतली जाळी काढून टाक, पिकअप वाढन. काढली. आवाज एक नंबर येते. पण रेस सोडली की फटाके फुटतात, ॲव्हरेज ३५ चं २८ वर आलं, बेंड निळा पडला. आता तो म्हणते मेन जेट मोठं टाकू. आठ दिवसांआधी पांदणीनं वावरातून येत होतो. समोर शेजारच्या काकाची बंडी होती. साइडनं काढता काढता फटाका वाजला. गोऱ्हा बुजला, बंडीचं चाक नालीत गेलं, काका खाली पडले, गुडघ्याला मार लागला. इतका घरोबा असून आता बोलत नाहीत. बाबा म्हणते गाडी विक, नाहीतर गावाबाहेर ठेव. मी म्हटलं डीजे चालते तुम्हाले, माझीच गाडी कायले खुपते? जेट टाकू का? आन् पोळा तोंडावर आला, काकाच्या घरी कसा जाऊ?’

बाबू, रामराम.

मेन जेटला, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकाला, हात लावू नको. गॅरेजवाल्याच्या हाती पैसे पडायच्या आधी तुला कळावं म्हणून हे सगळ्यात वर लिहितो आहे. काकांचं शेवटी बोलू. पण एक सांग, त्यांचा गुडघा डॉक्टरला दाखवला का? ॲव्हरेज ३५ वरून २८ वर आलं हे तुला बरोबर पाठ आहे. गुडघ्याचं पुढे काय झालं, ते पत्रात नाही.

आता फटाके. तू वेगात असताना मूठ सोडतोस. कार्ब्युरेटरमधून येणारी वाट बंद होते, पण चाक इंजिनला फिरवतच राहतं. त्या वेळी सिलिंडरमध्ये पेट्रोल इतकं थोडं जातं की ठिणगी पडूनही ते कधीकधी पेटत नाही. ते न जळलेलं मिश्रण तसंच तापलेल्या बेंडमध्ये, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या पाइपात, उतरतं, आणि तिथे त्याला बाहेरची ताजी हवा मिळाली की पाइपातच भडकतं. हाच तुझा फटाका. असं कंपनीच्या सायलेन्सरमध्येही अधूनमधून होतं, पण आतल्या कप्प्यांमधून बाहेर येईपर्यंत त्या आवाजाचा जीव गेलेला असतो. तुझ्या नळकांड्यात त्याला अडवायला काहीच उरलेलं नाही.

मग ही बाहेरची हवा येते कुठून? माझा पैसा बेंड आणि हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, सांध्यावर. तिथे एक गोल पॅकिंग असतं. नट आवळले की ते चेपतं आणि फट भरून काढतं. हे चेपणं एकदाच. बेंड काढला की त्याचं काम संपलं, दुसऱ्यांदा ते नीट बसत नाही. अर्ध्या तासात बेंडासकट सायलेन्सर बदलून देणाऱ्याने नवं पॅकिंग टाकलं असेल, असं मला वाटत नाही. खात्री घरीच करता येते. सकाळी इंजिन थंडगार असताना साबणाचा दाट फेस कर. जुन्या ब्रशने हेडच्या सांध्यावर आणि पुढे बेंड सायलेन्सरमध्ये शिरतो त्या क्लॅम्पवर लाव. मग गाडी चालू कर. पाच-दहा सेकंदांत बुडबुडे फुगायला लागले तर चोर सापडला. लगेच बंद कर, बेंड तापायला वेळ लागत नाही. सांध्याभोवती काजळीचा काळा ओघळ दिसला तर फेसाचीही गरज नाही.

आणि जेट? मेन जेटचं खरं काम मूठ पाऊण पिळल्यावर सुरू होतं. तुझे फटाके मूठ बंद असताना वाजतात. तेव्हा पेट्रोल पुरवतं ते पायलट जेट. म्हणजे रोग हेल्याले अन् इंजेक्शन पखालीले. मोकळ्या सायलेन्सरवर हायवेने पूर्ण मूठ पिळून पळणाऱ्याला मोठं जेट लागू शकतं, ते मी नाकारत नाही. पण तू पांदणीने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये जाणारा माणूस. मोठं जेट टाकशील तर फटाके तिथेच राहतील आणि २८ चं ॲव्हरेज आणखी खाली जाईल.

तुझ्या गॅरेजवाल्याला मी खोटारडा म्हणणार नाही. ‘जाळी काढली की पिकअप वाढतो’ ही समजूत कुठून आली ते मला ठाऊक आहे, कारण ती पसरवणाऱ्यांत मीही होतो. आमच्या उमेदीत गावोगावी राजदूत आणि येझदी, १९८५ नंतर आरएक्स १००. सगळ्या टू-स्ट्रोक. त्यांच्यात पेट्रोलसोबत ऑइलही जळायचं. ते अर्धवट जळलेलं ऑइल सायलेन्सरच्या जाळीवर डांबरासारखं जमायचं, भोकं बुजायची आणि गाडी दम टाकायची. मग जाळी ओढून काढायची, तारेने बांधून शेकोटीत टाकायची, लाल झाली की बाहेर काढून निवू द्यायची, दगडावर ठोकून काजळी पाडायची आणि परत बसवायची. गाडी पुन्हा हरणासारखी पळायची. गॅरेजभोवती उभ्या असलेल्या पोट्ट्यांना त्यातलं दोनच गोष्टींचं अप्रूप होतं. जाळी निघाली आणि पिकअप आला. ती परत बसवली होती, हे कोणाच्याच डोक्यात राहिलं नाही. टू-स्ट्रोक गेल्या, समजूत राहिली. आता ती बुलेटवर चालवली जाते.

मी स्वतः १९ वर्षांचा असताना बाबांच्या राजदूतची जाळी साफ केली आणि मुद्दाम बसवली नाही. तीन दिवस गावात रुबाब झाला. चौथ्या दिवशी कारंज्याहून ढेपेचे दोन कट्टे बांधून येत होतो. गावाच्या अलीकडे एक चढ आहे. एरवी ती राजदूत त्या चढावर कट्ट्यांसकट कुरकुरत का होईना चढायची. त्या दिवशी आवाज आभाळाला लागला आणि चाक काही पुढे जाईना. शेवटी उतरलो आणि ढकलत ढकलत वर नेली. बाबा ओट्यावर बसले होते. आवाज त्यांनी किती दुरून ऐकला असेल कोण जाणे. मी घामाघूम होऊन गाडी उभी केली तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘गाडी हाय का पिठाची गिरणी?’

झालं होतं असं, की टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सर म्हणजे अर्धं इंजिनच असतं. तिथे धूर बाहेर जायची आणि ताजं मिश्रण आत यायची वाट एकाच वेळी उघडी असते. थोडं ताजं मिश्रण धुरासोबत बाहेर निसटतं. सायलेन्सरचा आकार असा घडवलेला असतो की आवाजाची लाट मागे परतते आणि ते निसटलेलं मिश्रण पुन्हा आत ढकलते. जाळी काढली, आकार बदलला, की हे गणित मोडतं. तुझं इंजिन फोर-स्ट्रोक आहे. त्याला व्हॉल्व्ह आहेत. लाटांचा खेळ त्याच्यातही थोडा असतो, पण ३४६ सीसीच्या, १९.८ बीएचपीच्या, सावकाश चालणाऱ्या इंजिनात नुसतं नळकांडं मोकळं करून हाती काही येत नाही. फरक पडलाच तर वरच्या फेऱ्यांना चिमूटभर. आणि त्या बदल्यात खालचा जोर जातो. चिखलातून, चढावरून, मागे युरियाची गोणी घेऊन निघताना कामाला येतो तो हाच खालचा जोर.

मग वाढल्यासारखं का वाटतं? कारण कान फसवतात. आपल्या डोक्यात आवाज आणि जोर एकाच दावणीला बांधलेले असतात. तुला पटत नसेल तर एक कर. मित्राला मोबाइलवर सेकंद मोजायला बसव. डांबरी रस्त्यावर, पुढे-मागे कोणी नसताना, चौथ्या गिअरमध्ये ४० वरून ६० ला जायला किती सेकंद लागतात ते पाह्य. आज एकदा, आणि कंपनीचा सायलेन्सर चढवल्यावर त्याच जागी एकदा. आकडा वहीत लिहून ठेव, गॅरेजवाल्याला दाखवायला कामी येईल.

ॲव्हरेज कमी झालं त्यात सायलेन्सरचा जेवढा हात आहे, तेवढाच तुझ्या उजव्या हाताचा. राग मानू नको. खालचा जोर कमी झाला म्हणून तू मूठ जास्त पिळतोस. आणि आवाज ऐकायसाठी पिळतोस ते वेगळंच. एसटी स्टँडवरून, शाळेवरून, तुझ्या ओळखीच्या एखाद्या घरावरून जाताना पिळतोस की नाही, ते तुझं तुला माहीत.

बेंड निळा पडणं मात्र नजरेआड करू नको. थोडा निळेपणा पुष्कळ बुलेटच्या बेंडवर असतोच, क्रोम तापलं की रंग बदलतं. पण महिन्याभरात एकदम निळा पडला असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली असण्याचा संभव आहे, आणि त्याने इंजिन जास्त तापतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो. एअर-कूल्ड इंजिनाला बिचाऱ्याला तीच हवा थंडाव्याला मिळते. असाच उन्हाळा काढला असतास तर व्हॉल्व्हचं काम निघायला वेळ लागला नसता.

आता जरा आवाजाचं बघू. तुझं इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर त्यातल्या दर दोन फेऱ्यांना एकदा धूर बाहेर पडतो. म्हणजे मिनिटाला १२००, सेकंदाला २० वेळा. व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आतला वायू चांगलाच दाबाखाली असतो, तो झटक्यात सुटतो. म्हणजे एका सेकंदात २० लहान बंदुका. कंपनीच्या सायलेन्सरच्या पोटात पत्र्याचे आडवे पडदे असतात, त्यात भोकांच्या नळ्या उलटसुलट बसवलेल्या असतात. आवाजाची लाट एका कप्प्यातून दुसऱ्यात जाते, आपटते, मागे फिरते आणि येणाऱ्या दुसऱ्या लाटेशी टक्कर होऊन मरते. तुझ्या पंजाबमध्ये हे काम एकटी जाळी करत होती, तीही कशीबशी. तिला तू काढून टाकलंस.

डेसिबलचा हिशेबही आपल्या मणा-शेराचा नाही. १० डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दहा पट, आणि कानाला साधारण दुप्पट मोठा. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलसाठी कारखान्यातून निघताना ८० डेसिबलची मर्यादा आहे, २००५ पासून. हे माप गाडी साडेसात मीटर अंतरावरून जाताना घेतात. पांदणीची रुंदी किती? बंडी आणि तुझी गाडी यांच्यात हात-दोन हात अंतर असेल.

आणि पांदणीवर तू आलास ते मागून. बैलाला दोन्ही बाजूंचं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं, पण थेट मागचं दिसत नाही. तिथली खबर त्याला कानच देतात. ते कानही आपल्यापेक्षा तिखट. माणसाला ऐकू येतं २० हजार हर्ट्झपर्यंत, गाईबैलांना सुमारे ३५ हजारांपर्यंत. त्यात तो जुवाखाली. मोकळा असता तर वळून पाहिलं असतं, दोन पावलं बाजूला सरला असता, पुन्हा चरायला लागला असता. मानेवर जू, बाजूला जोडीदार, मागे न दिसणारी वस्तू, आणि तिच्यातून एकाएकी बंदूक उडाल्यासारखा आवाज. तो पुढेच पळणार. त्यात तो गोऱ्हा, म्हणजे नुकताच बंडीला जुंपायला लागलेला. त्याला यंदा जी सवय लागेल ती जन्मभराची. काका तुझ्याशी बोलत नाहीत ते गुडघ्यासाठी असेल असं मला वाटत नाही. आता त्या गोऱ्ह्याला बंडीला जुंपताना मागून सायकल आली तरी तो कान टवकारत असेल.

डीजेचं म्हणशील तर तुझ्या म्हणण्यात तथ्य आहे. गावात लग्नाच्या डीजेने घराची कौलं थरथरतात तेव्हा हेच लोक नाचत असतात. पण त्याला दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी बैलवाला बंडी जुंपत नाही, आजारी म्हातारीला लेक सोबत मामाच्या गावी घेऊन जाते. तुझा फटाका कुठल्या वळणावर वाजेल ते तुलाच माहीत नसतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्यापेक्षा वेगळा बदल गाडीत मनाने करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या १८२-अ प्रमाणे मालकाने असा बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या नियमभंगाला कलम १९०(२) वेगळं आहे, त्यात १० हजारांपर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र ठरू शकतं. पंजाब सायलेन्सर दुकानात उघड विकायला ठेवलाय म्हणून तो रस्त्यावर चालतो, असं नाही. शहरांमध्ये पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर अंथरून त्यावर रोडरोलर फिरवल्याचे फोटो तूही पाहिले असशील. आणि ज्या दिवशी खरोखर मोठा अपघात होईल, त्या दिवशी विमा कंपनीचा माणूस सगळ्यात आधी गाडीत काय काय बदललंय ते बघतो.

तेव्हा कंपनीचा सायलेन्सर परत चढव. तू तो विकला नसशील अशी आशा आहे. विकला नसेल तर भंगारवाल्याला चुकूनही देऊ नको. तुझी गाडी बीएस-४. त्या गाड्यांत धूर साफ करायला कॅटकॉन असतो, कुठल्या मॉडेलात बेंडमध्ये, कुठल्यात सायलेन्सरच्या पोटात. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे मौल्यवान धातू चिमूटभर का होईना असतात. म्हणून काही भंगारवाले कंपनीच्या सायलेन्सरचा भाव जरा वाढवून सांगतात आणि आपल्याला वाटतं माणूस भला आहे.

गोठ्यात पडला असेल तर बसवण्याआधी दोन्ही तोंडांतून टॉर्च मारून पाह्य. महिन्याभरात कुंभारीण माशीने आत मातीचं घर केलेलं असू शकतं, तिला असली भोकं फार आवडतात. उंदरांनी सरकी नेऊन ठेवलेली मी स्वतः काढली आहे, मूठभर नाही, पायलीभर म्हणावी इतकी. उभा धरून लाकडाने हलकेच ठोक. मग खालच्या बाजूला एक बारीक भोक दिसेल, काडीने मोकळं कर. ते पाणी जायसाठी आहे. लोक गळतंय म्हणून वेल्डिंग मारून बुजवतात आणि सहा महिन्यांत सायलेन्सर आतून कुजला की कंपनीला शिव्या देतात. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. तू घर ते वावर दोन किलोमीटर जातोस, सायलेन्सर पुरता तापतही नाही, पाणी आतच राहतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी वीस-पंचवीस किलोमीटर नीट पळवत जा. दिग्रसला जाऊन आलास तरी पुरे.

बसवायचं काम तू स्वतः करू शकतोस. घाई करू नको एवढंच. आदल्या रात्री बेंडच्या नटांवर गंज सोडवणारं तेल सोड. नसेल तर डिझेलमध्ये थोडं जुनं इंजिन ऑइल मिसळून थेंब थेंब टाक. सकाळी इंजिन थंड असतानाच पाना लाव. नट फिरत नसेल तर पान्यावर पाइप चढवून जोर लावू नको. हेड ॲल्युमिनियमचं आहे. आत स्टड तुटला किंवा आटे निघून आले, तर तो नट तुला लेथवाल्याच्या दारात नेऊन बसवेल. पुन्हा तेल, पुन्हा वाट. माझ्या गॅरेजात एका नटासाठी दोन दिवस थांबलो आहे, गिऱ्हाईक चिडलं, पण हेड वाचलं.

नवं पॅकिंग आण. जुनं कितीही चांगलं दिसलं तरी टाकून दे. बेंड जागेवर ठेवून सगळे नट-बोल्ट आधी हातानेच, बोटाने फिरतील तेवढे लाव. हेडचे, क्लॅम्पचा, मागच्या टांगणीचा, सगळे. सायलेन्सर कुठेही ताण न येता आपल्या जागी बसतोय ना ते बघ. मग आवळायला सुरुवात हेडकडून. दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे. त्यानंतर क्लॅम्प. सगळ्यात शेवटी मागचा. बहुतेक जण उलटं करतात, मागचा बोल्ट आधी घट्ट आणि मग बेंडला टॉमीने रेटून हेडशी जुळवायचं. मग महिन्या-दोन महिन्यांत टांगणी तडकते आणि म्हणतात रस्तेच खराब. रस्ते खराब आहेतच, पण टांगणी त्याने तडकत नाही.

चालू करायच्या आधी बेंडवरचे हाताचे तेलकट ठसे रॉकेलच्या फडक्याने पूस, मग कोरड्या फडक्याने, आणि ते उडून जाईपर्यंत थांब. नाहीतर तुझ्या पाचही बोटांचे ठसे क्रोमवर कायमचे भाजले जातील. पहिली दोन-चार मिनिटं थोडा धूर येईल, घाबरू नको. मग साबणाच्या फेसाची परीक्षा पुन्हा एकदा. यातून पास झाली की गॅरेजवाल्याकडून फक्त पायलटचं सेटिंग आणि आयडल नीट करून घे. त्यानंतरही फटाके राहिले तर मला पुन्हा लिही, पण मला वाटत नाही तशी वेळ येईल.

तू म्हणशील, मग बुलेट घेऊन काय उपयोग? बाबू, कंपनीच्या सायलेन्सरवरही बुलेटची धकधक असते. सकाळी सकाळी आयडलला उभी करून जरा दूर जाऊन ऐक. महिनाभर तू तिच्यावर बसूनच ऐकतो आहेस, गाव तिला समोरून ऐकतंय. तरी जरा भारदस्त हवाच असेल, तर कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीत तुझ्या मॉडेलसाठी रस्त्यावर चालणारा म्हणून काही मिळतं का ते शोरूममध्ये विचार, आणि मिळालं तर बिल आणि मान्यतेचा कागद मागून घे. कागद देत नसतील तर परत ये.

आता काका. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदशेकणी असते, तुला मी काय सांगू. बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणायची वेळ. त्या संध्याकाळी काकांच्या गोठ्यात जा. गाडी घरी ठेवून, पायी. सायलेन्सर बदलला हे सांगत बसू नको. त्यांना ते आधीच कळलेलं असेल, कारण गेले दोन-चार दिवस पांदणीवर शांतता असेल. लोण्या-तुपाची वाटी तुझ्या घरून ने आणि गोऱ्ह्याचा खांदा तू शेक म्हणतील का ते बघ. म्हणाले तर डाव्या अंगाने जा, समोरून, त्याला आधी तुझा हात हुंगू दे. नाही म्हणाले तर वाटी ओट्यावर ठेव आणि काकांच्या गुडघ्याची विचारपूस कर. एक्स-रे काढला नसेल तर दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन जा, पण गाडीवर नको. गुडघा दुखणाऱ्या माणसाला बुलेटवर पाय टाकायला लावणं बरं नाही, आणि काका त्या गाडीवर बसतील असंही मला वाटत नाही. ऑटो कर. खर्च तुझा. मागच्या महिन्यात सायलेन्सरला पैसे निघाले होते, आताही निघतील.

बाबांशी वाद घालू नको. गाडी विकायची का ते पोळ्यानंतर बघू म्हण. माझा अंदाज आहे की दहा-पंधरा दिवस शांततेत गेले की तेच कुठेतरी जायला गाडी काढायला सांगतील.

आणि ५०-६० किलोमीटर चालल्यावर, इंजिन थंड असताना, बेंडचे ते दोन नट पुन्हा एकदा आवळायला विसरू नको. पॅकिंग बसलं की ते हमखास सैल होतात.